दगड छान आलाय, बाई!

मधल्या सुट्टीत



मागच्या अंकात आपण बुटाच्या खोक्याला टाचणीनं भोक पाडून कॅमेरा केला होता. आठवतंय ना? कागदावर समोरचं झाड उलटं दिसलं, की तुम्ही जिंकलात! त्या खोक्याची एक गंमत म्हणजे त्यात भिंग नव्हतं. त्यामुळं जवळचं काय आणि लांबचं काय, सगळं सारखंच दिसायचं. थोडं अंधूक, पण सारखं. भिंग आलं की चित्र लख्ख होतं, पण त्याच्याबरोबर एक भानगडही येते. ती भानगड मला कशी कळली, ते आज सांगते. गोष्ट माझ्याच फजितीची आहे. हसायला परवानगी आहे!

आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून पैठण साधारण पन्नास किलोमीटर. गोदावरीच्या काठचं गाव. संत एकनाथ महाराजांनी १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला तिथं समाधी घेतली. म्हणून दर वर्षी त्या तिथीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या पायी पायी येतात. पुढं भगव्या पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका. ऊन चांगलंच चढलेलं असतं, पण चाल काही मोडत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची आजी अशीच एका दिंडीत चालायची. नाथषष्ठीच्या आधी तो माझ्या टेबलापाशी घुटमळायला लागला.

"काय रे, काय पाहिजे?"

"बाई, तुमच्याकडं कॅमेरा आहे न? आजीचा एक फोटो काढता का? आमच्याकडं तिचा फोटोच नाही. आधार कार्डावरचा आहे, पण त्यात ती रागावल्यासारखी दिसती!"

आता सांगा, नाही कसं म्हणणार? माझ्या भावाचा जुना कॅमेरा माझ्याकडंच पडून असतो. ५० मिलिमीटरची भिंगनळी, म्हणजे लेन्स, त्याला लावलेली. सकाळी सकाळी मी पैठण रस्त्याला जाऊन उभी राहिले. दिंडी आली. आजी कडेच्याच रांगेत होत्या. डोक्यावर वृंदावन, एक हात त्याला धरलेला, दुसरा मोकळा. चेहऱ्यावर असं काही समाधान, की काय सांगू! मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धवट दाबलं, कॅमेरा 'बीप' म्हणाला. इतक्यात एक टाळकरी मध्ये आला. तो जाईपर्यंत मी थांबले, मग बटण पूर्ण दाबलं. खटॅक! असे आजींचे सात फोटो काढले. शेवटी न राहवून मी म्हटलंसुद्धा, "आजी, एक मिनिट उभ्या राहता का?"

आजी चालता चालताच म्हणाल्या, "मला कशाला उभं करता बाई? मागून दिंडी यायली. माझ्यापायी साऱ्यांनी थांबावं का?"

आणि गेल्या पुढं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या संगणकावर फोटो उघडले. सगळा वर्ग भोवती गोळा झाला. पहिला फोटो, आजी धूसर. दुसरा, धूसर. सातही फोटोंत आजी अशा दिसत होत्या, की जणू काचेवर कुणी फुंकर मारलीय. पण एका फोटोत रस्त्याकडेचा मैलाचा दगड मात्र असा लख्ख आला होता, की त्यावरचा आकडा वाचावा, उडालेला रंग मोजावा!

वर्ग गप्प. मग मागून एकजण हळूच म्हणाला, "दगड छान आलाय, बाई!"

सगळे फिसकन हसले. मीही हसले. पण तो मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "राहू द्या बाई, पुढच्या वर्षी काढू." ते मला जास्त लागलं.

गुन्हेगार कोण?

फोटो बिघडला की आपण लगेच म्हणतो, "हात हलला." पण नेहमी हातच गुन्हेगार नसतो. संशयित तीन असतात. त्यांना ओळखायचं कसं, ते आम्ही वर्गात फळ्यावर लिहिलं.

पहिला संशयित हात. हात हलला असेल तर फोटोतलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं. आजीही, दगडही, झाडही. इथं दगड लख्ख होता. म्हणजे हात निर्दोष सुटला!

दुसरा संशयित शटर. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी. ती हळू उघडझाप झाली तर उभ्या वस्तू नीट येतात आणि हलणाऱ्या वस्तूंच्या रेघा उमटतात. हाताच्या जागी चार हात दिसतात! आजींच्या तशा रेघा उमटल्या नव्हत्या. त्या सगळीकडून सारख्याच मऊ झाल्या होत्या. म्हणजे शटरही सुटलं.

तिसरा संशयित फोकस. माणूस मऊ, कडा पसरलेल्या, आणि त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी लख्ख आलेलं असेल, तर समजायचं, भिंगाची नजर भलतीकडं होती. आमचा चोर सापडला!

पण मी तर आजींवरच नेम धरला होता. बीपसुद्धा वाजलं होतं. मग नजर दगडावर गेली कशी?

आम्ही फोटो पुन्हा नीट बघितला. तेव्हा एका मुलीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "बाई, बीप वाजलं तेव्हा आजी दगडापाशीच असतील!"

बरोब्बर! बीप वाजलं तेव्हा आजी दगडाच्या शेजारी होत्या. कॅमेऱ्यानं ते अंतर धरलं आणि घट्ट धरूनच ठेवलं. टाळकरी मध्ये आला, मी थांबले. आजी कशाला थांबतील? त्या पुढं आल्या. मी बटण दाबलं तेव्हा कॅमेरा अजून जुन्याच जागेवर बघत होता. त्या जागेवर आता कोण होतं? दगड!

आजीचा वेग

मी मात्र हट्टाला पेटले होते. म्हटलं, आजी इतक्या हळू चालतात. एवढ्याशा वेळात असं किती अंतर जाणार? मग आम्ही ते मोजलंच.

मैदानावर टेपनं १० मीटर मोजून चुन्याच्या दोन रेघा मारल्या. आजीची चाल कुणाला माहीत? नातवाला! त्यानं डोक्यावर दप्तर घेतलं आणि हुबेहूब आजीसारखा चालला. घड्याळ लावलं. १० मीटरला १२ सेकंद लागले. करा बरं गणित. एका सेकंदाला सुमारे ८३ सेंटिमीटर. तासाला तीन किलोमीटर. आहे ना हळू?

आता भिंगाकडं वळू. भिंग एका विशिष्ट अंतरावरची वस्तू लख्ख दाखवतं. त्याच्या थोडं पुढचं आणि थोडं मागचंही चालून जातं. पण थोडंच! माझी लेन्स एफ/२ वर होती, म्हणजे तिचं तोंड चांगलं उघडं होतं. आजी तीन मीटरवर होत्या. माझ्यासारख्या कॅमेऱ्यात अशा वेळी लख्ख पट्टा असतो साधारण ३० सेंटिमीटरचा. म्हणजे तुमच्या कंपासपेटीशेजारची एक फूटपट्टी! निम्मी आजींच्या पुढं, निम्मी मागं.

म्हणजे आजींना पट्ट्याबाहेर पडायला किती अंतर चालावं लागतं? फक्त १५ सेंटिमीटर. त्यासाठी किती वेळ लागतो? १५ भागिले ८३. सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही! तुम्ही 'आजी' हा शब्द उच्चारेपर्यंत आजी फोकसच्या बाहेर. मी तर जवळजवळ एक सेकंद थांबले होते.

आपल्या डोळ्यांना जे हळू वाटतं, ते भिंगाला हळू नसतं. हळू चालणारं माणूस म्हणजे उभं माणूस नव्हे. आणि फसवतं ते हळू चालणारंच! पळणारा मुलगा दिसला की आपण सावध होतो. हळू चालणारं माणूस दिसलं की म्हणतो, 'चालेल की!' तिथंच घात होतो.

कॅमेऱ्याची युक्ती

पण मुळात कॅमेऱ्याला अंतर कळतं कसं? एक प्रयोग करा. हात लांब करून पेन्सिल उभी धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. पेन्सिल इकडून तिकडं उडी मारते ना? आता पेन्सिल नाकाजवळ आणा आणि पुन्हा तसंच करा. उडी मोठी झाली! दोन डोळ्यांच्या दोन जागा, म्हणून दोन वेगळी चित्रं. उडी केवढी, त्यावरून अंतर ओळखता येतं.

पुष्कळ कॅमेरे हीच युक्ती करतात. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश वेगळा करून दोन चित्रं ताडून बघतात. ती जुळली की फोकस झाला. जुळली नाहीत, तर भिंग कुठल्या बाजूला आणि किती सरकवायचं, ते ठरवतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत! याला म्हणतात ऑटोफोकस. ही सोय तशी नवीच. १९७७ साली कोनिका कंपनीचा सी-३५ एएफ हा ऑटोफोकसचा कॅमेरा बाजारात आला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि मग बदलायच्या भिंगांच्या मोठ्या कॅमेऱ्यांतही ऑटोफोकस रुळला. त्याआधीचे लोक अंतर हातानं जुळवायचे.

कोणती पद्धत कधी?

आता कामाचं. कॅमेऱ्यात ऑटोफोकसच्या मुख्य तीन पद्धती असतात. कंपनीप्रमाणं नावं बदलतात, काम तेच.

पहिली, एकदाच बघणारी. काही कॅमेऱ्यांवर तिला 'एएफ-एस' म्हणतात, काहींवर 'वन शॉट'. बटण अर्धवट दाबलं की कॅमेरा फोकस करतो, बीप वाजवतो आणि तिथंच थांबतो. हिला मी म्हणते हजेरी घेणारी पद्धत. हजेरीच्या वेळी तुम्ही वर्गात होतात, एवढंच तिला माहीत. नंतर खिडकीतून बाहेर गेलात, तर वही अजून 'हजर'च म्हणणार! बाकावर बसलेली आजी, रांगोळी, किल्ल्याचा दरवाजा, बीबीचा मकबरा यांना ही पद्धत उत्तम. माझी चूक हीच झाली होती. मी चालत्या आजीची एकदाच हजेरी घेतली.

दुसरी, सतत बघणारी. हिची नावं 'एएफ-सी' किंवा 'सर्व्हो'. बटण अर्धवट दाबून ठेवलंत तोवर कॅमेरा पुन्हा पुन्हा अंतर बघत राहतो. इतकंच नाही, फोटो उमटेल त्या क्षणी माणूस कुठं पोचलेलं असेल, याचा अंदाजही पुष्कळ कॅमेरे बांधतात. खो-खोत नाही का, पळणारा आत्ता जिथं आहे तिथं आपण झेप घेत नाही. तो जिथं असणार, तिथं घेतो! समोरून आपल्याकडं येणाऱ्या माणसाला हीच पद्धत लावायची, मग ते माणूस कितीही हळू चालत असो.

एक लक्षात ठेवा. या पद्धतीत बहुतेक कॅमेरे बीप वाजवत नाहीत. वाजवतील कसे? त्यांचं काम संपलेलंच नसतं! आणि पुष्कळ कॅमेरे फोकस पुरता जुळला नसला तरी फोटो काढून टाकतात. म्हणून बोट ठेवल्या ठेवल्या खटॅक करायचं नाही. अर्धवट दाबून क्षणभर माणसाबरोबर राहायचं, मग पूर्ण दाबायचं.

तिसरी, कॅमेऱ्यावर सोपवलेली. नाव 'एएफ-ए' किंवा 'एआय फोकस'. माणूस उभं आहे की चालतंय, ते कॅमेराच ठरवतो. वाचायला छान वाटतं. पण हळूच चालायला लागलेल्या माणसाला तो 'उभं आहे' असंही समजू शकतो. मी फसले, तर तोही फसणारच. म्हणून चालणाऱ्या माणसांसाठी दुसरी पद्धत आपण स्वतःच लावलेली बरी.

मग आडवं जाणारं माणूस? समजा तुम्ही रस्त्याच्या कडेला आहात आणि माणूस तुमच्यासमोरून डावीकडून उजवीकडं जातंय. अगदी समोर असताना त्याचं तुमच्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. तिथं पहिली पद्धतही चालून जाते, फक्त बीपनंतर रेंगाळायचं नाही. आणि थांबत थांबत चालणारी माणसं? दिंडीत असंच असतं. चार पावलं चालायचं, मग थांबून पावली, फुगडी, पुन्हा चालायचं. तिथं दुसरीच पद्धत ठेवा. माणूस थांबलं म्हणून तिचं काही बिघडत नाही.

आता टाकी छान आलीय!

एवढं कळल्यावर मी ऐटीत दुसरी पद्धत लावली आणि सराव सुरू केला. शनिवारची शाळा सुटल्यावर मुलं एकामागून एक आजी व्हायची. डोक्यावर दप्तर, संथ चाल. मैदानाच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. मी म्हटलं, आजी फोटोच्या मधोमध नको, जरा डाव्या बाजूला छान दिसेल. कॅमेरा थोडा वळवला. खटॅक!

फोटो बघितला. मुलगा धूसर.

"बाई, आता टाकी छान आलीय!"

पुन्हा माझीच चूक. कॅमेरा कुठल्या ठिपक्यावर बघतो, तेही आपणच ठरवायचं असतं. माझा ठिपका मधोमध होता. सतत बघणारी पद्धत प्रामाणिक असते. ठिपक्याखाली जे येईल, ते बघते. मी कॅमेरा वळवला, ठिपका मुलावरून घसरून टाकीवर गेला. कॅमेऱ्यानं इमानेइतबारे टाकी लख्ख केली! म्हणून माणूस बाजूला हवं असेल, तर ठिपकाही त्या बाजूला सरकवायचा आणि माणूस चालतंय तोवर त्याच्यावर धरून ठेवायचा.

काही कॅमेऱ्यांत सगळेच ठिपके एकदम चालू ठेवता येतात. पण तेव्हा कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. दिंडीत सगळ्यात जवळ काय असतं? पताका, टाळ, कुणाचा तरी हात! त्यापेक्षा तीन-चार ठिपक्यांचा छोटा गट घ्यायचा आणि तो चेहऱ्यावर नाहीतर छातीवर ठेवायचा. नव्या कॅमेऱ्यांना चेहरा ओळखता येतो, डोळासुद्धा शोधता येतो. फार छान सोय आहे. पण वीस चेहऱ्यांतला तुमचा चेहरा कोणता, ते त्याला सांगावंच लागतं. त्याला सगळे चेहरेच. त्यातली तुमची आजी कोण, हे तुम्हालाच ठाऊक!

आणखी दोन युक्त्या लिहून ठेवा.

एक, भिंगाचं तोंड लहान करा. एफ/२ ऐवजी एफ/८. मग तीन मीटरवर लख्ख पट्टा एका फूटपट्टीऐवजी चार फूटपट्ट्यांएवढा होतो. नेम थोडा चुकला तरी आजी पट्ट्यात राहतात. उन्हात उजेड भरपूर असतो, त्यामुळं एफ/८ ला शटरही सेकंदाच्या अडीचशेव्या हिस्स्याहून जलद ठेवता येतं. चालणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

दोन, जुन्या लोकांची युक्ती. माणसाच्या मागं धावायचंच नाही. रस्त्यावरची एक जागा निवडायची, समजा एखादा दगड. फोकस त्याच्यावर पक्का करायचा आणि आजी त्या दगडापाशी आल्या की बटण दाबायचं. बघा, ज्या दगडानं मला फसवलं, तोच आता मदतीला आला!

न थांबवता

तुम्ही म्हणाल, बाई, एवढा खटाटोप कशाला? आजींना अर्धा मिनिट थांबवलं असतं, तर? नाहीतर दिंडी टेकल्यावर फोटो काढला असता?

सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींचे फोटो काढणारे कनू गांधी होते. गांधीजींच्या पुतण्याचा हा मुलगा. १९३० च्या दशकात घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांना कॅमेरा मिळाला. गांधीजींनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, 'असे उभे राहा, इकडे बघा' म्हणायचं नाही, आणि आश्रमाकडून या कामाला पैसे मागायचे नाहीत. गांधीजी भराभर चालणारे. कॅमेऱ्यात ऑटोफोकस नाही. तरी कनू गांधींनी त्यांचे शेकडो फोटो काढले. त्यांतले गांधीजी चालतात, लिहितात, बोलतात. कॅमेऱ्यासाठी उभे राहिलेले दिसत नाहीत.

मला वाटतं, आजींनी मला तीच अट घातली होती. थांबलेल्या आजीचा फोटो आधार कार्डावर होताच की! आम्हाला हवी होती ती चालणारी आजी. तिला थांबवलं असतं, तर फोटो लख्ख आला असता, पण जे हवं होतं ते निसटलं असतं. मग बदलायचं कुणी? आजीनं की कॅमेऱ्यानं? अर्थातच कॅमेऱ्यानं. आणि त्याआधी, कॅमेरा धरणाऱ्या बाईनं!

पुढच्या वर्षी नाथषष्ठी आली. तोवर आजींचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पैठणपर्यंत चालणं जमणार नव्हतं. पण आपल्या वस्तीपासून नाक्यापर्यंत तरी दिंडीबरोबर जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. फार तर अर्धा किलोमीटर. आणि त्याच्या पुढच्या वर्षी तेवढं तरी जमेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मी आदल्या दिवशी जाऊन आजींना विचारलं, "उद्या फोटो काढू ना?"

"काढा की. पण मला थांबायला सांगू नका," आजी म्हणाल्या.

सतत बघणारी पद्धत. ठिपक्यांचा छोटा गट डाव्या बाजूला. एफ/८. बोट अर्धवट दाबलेलं. आजी आल्या. चाल पूर्वीहून हळू. मध्ये एक पताका आली, कॅमेरा गोंधळला, पुन्हा आजींवर आला. मी श्वास रोखून त्यांच्याबरोबर राहिले. खटॅक, खटॅक, खटॅक. एकूण २४ फोटो काढले.

वर्गात निकाल लागला. २४ पैकी ९ उत्तम. मुलांनी लगेच शेकडेवारी काढली, साडेसदतीस टक्के! "बाई, तुम्ही जेमतेम पास!" मी म्हटलं, पास झाले, हे काय कमी आहे?

त्या नऊपैकी एक फोटो त्या मुलाच्या घरी भिंतीवर आहे. त्यात आजीच्या कपाळावरचा घाम दिसतो. वृंदावनातल्या तुळशीची पानं मोजता येतात. एक पाऊल उचललेलं आहे, टेकायचं बाकी आहे. आजींनी तो फोटो हातात घेऊन खूप वेळ बघितला. मग म्हणाल्या, "आणि तो दगडाचा कुठंय? तो बी द्या न. त्या वर्षी मी पैठणपर्यंत गेले होते."

मी तोही फोटो छापून दिला. धूसर आजी आणि लख्ख दगड. तो आता पहिल्या फोटोशेजारीच लावलेला आहे.

तुम्ही करून बघा

कॅमेरा नसला तरी चालेल. घरातला मोबाइल मोठ्यांना विचारून घ्या.

प्रयोग १ : टेबलावर पेन उभं करा, मोबाइलपासून एका वितीवर. मागं लांब घड्याळ दिसू द्या. पडद्यावर पेनावर बोट टेकवून फोटो काढा. मग घड्याळावर बोट टेकवून काढा. दोन्ही फोटोंत काय लख्ख, काय धूसर, ते वहीत लिहा. मोबाइलचं भिंग इवलंसं असतं. त्यामुळं त्याचा लख्ख पट्टा मोठा असतो आणि फरक जवळच्या वस्तूंतच नीट कळतो.

प्रयोग २ : पुष्कळ मोबाइलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस तिथंच पक्का होतो. पेनावर तसा पक्का करा. मग ताईला पेन हळूहळू मोबाइलकडं आणायला सांगा. पेन कुठं धूसर झालं, ते पट्टीनं मोजा. हीच ती हजेरी घेणारी पद्धत!

प्रयोग ३ : दोन रेघांमध्ये १० मीटर अंतर ठेवून घरातल्या प्रत्येकाची चाल मोजा. बाबा, आई, आजी, धाकटा भाऊ. एका सेकंदाला किती सेंटिमीटर? तक्ता करा.

आणि चौथा प्रयोग, सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या घरातल्या कुणाचा एकही चांगला फोटो नाही, ते शोधा. बहुतेक ते माणूस सारखं कामात असतं, म्हणून राहून गेलेलं असतं. आधी त्यांना विचारा. हो म्हणाले, तर त्यांचं काम न थांबवता, त्यांना उभं न करता एक फोटो काढा. पहिल्यांदा दगडच छान येईल कदाचित. येऊ दे! तो टाकून देऊ नका. तो का आला, ते शोधा आणि मला कळवा.

चला, घंटा झाली. पळा वर्गात!

तुमच्या,
बाई